रविवारी येरळवाडी, की पाणी उतरल्यावर?

शिंदे (ए-304): नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सातारा जिल्ह्यातल्या मायणी-येरळवाडीच्या तलावावर पक्षी बघायला जाऊया का? रोहित (फ्लेमिंगो) आलेत म्हणतात. 17 सीटची गाडी ठरवतो. आधी सांगेल त्याला खिडकी.

निकम वहिनी (बी-102): आम्ही चौघं. पोरं कवापासनं मागं लागलीत.

माने (ए-101): आम्ही तिघं आणि ड्रोन 😄 भाच्यानं मागच्या वर्षी काढलेला व्हिडिओ आठवतोय ना? अख्खा थवा एकदम उठतो. अंगावर काटा येतो राव.

जोशी काकू (बी-201): उपमा माझ्याकडं. माणसं किती ते सांगा.

कुलकर्णी सर (सी-401): शिंदे, रविवारी पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा ऐन भरात असणार. वडूजचा रस्ता तिथूनच जातो.

शिंदे (ए-304): अरे हो की! मग रहिमतपूर-औंधवरनं वळसा मारू.

कुलकर्णी सर (सी-401): माराल हो, पण बघणार काय? मी परवाच जाऊन आलो. तलाव काठोकाठ आहे. रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून, पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. त्यासाठी पाणी उथळ लागतं. नुसते लांब पाय असून काय उपयोग, तळाला चोच पोचायला नको का? जानेवारीअखेर पाणी उतरलं, काठाचा चिखल उघडा पडला, की मग खरी पंगत बसते. शेकाटे, तुतवार, चमचे, सगळे पाणपक्षी.

निकम वहिनी (बी-102): म्हणजे तलाव भरला की पक्षी नाहीत? माझं माहेर खटावातलं. तिथं तलाव भरला की पेढे वाटतात सर!

कुलकर्णी सर (सी-401): वाटायलाच पाहिजेत. दुष्काळ मीही बघितलाय. आणि भरल्या तलावात कोणीच नसतं असं नाही. बदकं असतात, वारकरी असतात.

निकम वहिनी (बी-102): धाकटा विचारतोय, वारकरी पक्षी असतो?

कुलकर्णी सर (सी-401): सगळा काळा आणि कपाळावर पांढरा टिळा. एका बदकाचं नाव हळदीकुंकू आहे. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके. नावं ठेवणाऱ्यानं पक्षी नीट बघितला होता.

जोशी काकू (बी-201): हळदीकुंकू मला दाखवा हं नक्की.

सचिव (ए-001): टाकी वाहतेय. ज्यांची पाळी आहे त्यांनी मोटर बंद करा. तिसऱ्यांदा सांगतोय.

माने (ए-101): केली, केली. सर, ड्रोनचं काय? लांबनंच उडवीन.

कुलकर्णी सर (सी-401): नको. थोडं लांबलचक लिहितो, रागावू नका. तिथं येणारा राजहंस, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब, तिबेट, मंगोलिया, लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. सकाळ-संध्याकाळ रानात चरतो आणि दुपारी तलावाच्या काठाला विसावतो. आपण जातो ती नेमकी त्याची विश्रांतीची वेळ. मार्चच्या आसपास त्याला परत तेवढंच उडायचं असतं, त्याच्या आधी अंगावर चरबी चढवायची असते. आपण थवा उठवला की ती चरबी जळते. डोक्यावर घोंघावणारं यंत्र त्याला घारीसारखंच वाटत असणार. आणि 2021 पासून मायणी-येरळवाडीचा परिसर संवर्धन राखीव, म्हणजे पक्ष्यांसाठी सरकारनं राखलेला, आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय तिथं काहीच उडवायचं नसतं.
मी शहाणा म्हणून सांगत नाही. तरुणपणी मीही टाळ्या वाजवून थवा उठवलाय, फोटोसाठी. 36 चा रोल होता, 34 फोटो हलले. उरलेल्या दोनात माझं बोट.

माने (ए-101): सर, एक सांगू? भाच्याच्या त्या व्हिडिओला पहिला अंगठा तुम्हीच दिला होता.

कुलकर्णी सर (सी-401): दिला होता. तेव्हा मी फक्त रंग बघितला. अंगठा परत कसा घ्यायचा ते कोणीतरी दाखवा.

शिंदे (ए-304): 😂 बरं, मग फेब्रुवारीचा पहिला रविवार. पहाटे 5 ला गेटवर. ड्रोन घरी. स्पीकर पण घरी, हे गेल्या सहलीला मागच्या सीटवर बसलेल्यांसाठी.

माने (ए-101): ड्रोन कपाटात. पण दुर्बीण कोणाकडे आहे? पोरांना नुसते ठिपके दिसले तर माझं डोकं खातील.

कुलकर्णी सर (सी-401): माझ्याकडं एक आहे, पाळीपाळीनं बघू. कपडे मातकट, हिरवट घाला. लाल-पांढरं नको.

निकम वहिनी (बी-102): थोरल्याचं नवीन जर्किन लालभडक आहे. आता त्याला कोण समजावणार?

जोशी काकू (बी-201): फेब्रुवारी? अहो, मी मघाशीच दीड किलो रवा भाजून ठेवला.