‘रात्रीस खेळ चाले’ पुन्हा पहिल्यापासून बघतंय का कोणी?

माजघर:
२०१६ ला पहिला भाग सुरू झाला तेव्हा मी आजीकडे राहायचे. आजी आता नाही. गेल्या आठवड्यात मालिका पुन्हा काढली, तर घरचे म्हणतात, भुतं तेव्हाही खोटीच वाटायची, मग एवढं काय आहे त्यात?

पहिल्या भागात अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात आणि सगळं घर त्यांच्या सावटाखाली. निलिमा प्रत्येक गोष्टीचं कारण शोधत बसते, पांडू ‘इसारलंय’ म्हणून मोकळा. आजीला पांडूचं फार हसू यायचं. मग २०१९ ला दुसरा भाग आला, काळ मागे गेला आणि अण्णा जिवंत! माधव अभ्यंकरांचा अण्णा नुसता ओटीवर आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. पांडूला हसणारी आजी आता हसेना. ती अण्णांकडे बघतच नव्हती, त्यांच्या बायकोकडे, माईकडे बघायची. एकदा म्हणाली, “मेलेल्याक काय भियाचा?” आणि उठून पाणी प्यायला गेली.

माझे आजोबा मी पाहिलेले नाहीत. त्यांचा विषय घरात निघत नसे. आजीकडून त्यांच्याबद्दल मला जे काही कळलं ते एवढंच, तेही जाहिराती लागायच्या आधी.

तर, लोक म्हणतात मालिका शेवंताची, म्हणजे अण्णांनी ठेवलेल्या बाईची. मला ती माईचीच वाटते. तुम्हाला? आणि तिन्ही भाग बघावेत का?

आंब्याखालचो:
आमच्या घरात हिच्यावरून भांडणं झालीयत. २०१६ ला कोकणाची बदनामी म्हणून बरेच लोक चिडलेले, त्यात आमचे बाबाही. म्हणे, शहरातल्यांना वाटेल हे लोक दिवसरात्र करणीच करतात. मुद्दा खोटा नव्हता. पण साडेदहा वाजले की टीव्हीसमोर पहिली खुर्ची त्यांचीच! पुढे जिथे शूटिंग झालं तो आकेरीचा वाडा बघायला लोक गाड्या करून यायला लागले, तेव्हा रस्ता सांगायलाही हेच पुढे.
भुतांचा माका काय पडलेला नाय. आपली भाषा रोज रात्री टीव्हीर, तेचाच कौतिक.

रातकिडा:
माई मान्य, पण शेवंताला बाजूला काढू नका. अपूर्वा नेमळेकरने ती नुसती नटवी केली नाही. अण्णांच्या तावडीत तीही सापडलेलीच होती, फक्त तिची कीव कोणाला येत नाही.
२०२१ चा तिसरा भाग खुशाल सोडा. मध्येच शेवंताची नटी बदलली, आणि अण्णा-शेवंता भूत होऊन इतके दिसायला लागले की भीतीच गेली. आमच्या धाकट्याने तर अण्णांची नक्कल करायला सुरुवात केली.

माजघर:
@रातकिडा, पटलं. आजीनेही शेवंताला कधी शिव्या घातल्या नाहीत. शेजारच्या काकू घालायच्या, तेव्हा ही गप्प. माझ्या हे लक्षात यायला एवढी वर्षं लागली.
@आंब्याखालचो, बाबांना नमस्कार सांगा.
तिसरा भाग आम्ही एकत्र बघितलाच नव्हता, त्यामुळे सोडायला जड जाणार नाही. दुसरा मात्र रात्री एकच एपिसोड असा बघतेय. सलग लावला तर दर वेळी शेवटी दिलेला तो दचका अगदी पोरकट वाटतो, आणि मग घरच्यांना आयतंच कोलीत!