'प्रॉडक्ट बॅकलॉग'ला मराठीत काय म्हणावं? ('अनुशेष' सोडून सुचवा)

मुठाकाठ
भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्क्रम (छोट्या चमूनं टप्प्याटप्प्यानं उत्पादन घडवायची कामाची पद्धत) शिकवायचं काम घेतलंय. एरवी माझे वर्ग हिंजवडी-खराडीकडे असतात आणि तिथे इंग्रजीवर निभतं. इथे टूलरूम आणि डिझाइनची माणसं आहेत. वर्ग मराठीतच हवा हा त्यांचा आग्रह, आणि मलाही तेच हवं होतं.

अडलं ते 'प्रॉडक्ट बॅकलॉग'पाशी. फळ्यावर शब्द लिहिला आणि सांगितलं, उत्पादन सुधारायला जे जे लागेल ते सगळं या एका यादीत येतं. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहतो तर त्याखाली कुणीतरी 'पेंडिंग' लिहून ठेवलेलं. त्यानंतर यादीत आपल्या कामाची चिठ्ठी लावायला कोणी पुढे येईना. एक सुपरवायझर म्हणाले, "साहेब, आमच्याकडे पेंडिंग कमी केल्यावर शाबासकी मिळते. वाढवल्यावर नाही."

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. शब्दानंच त्यांना तसं सांगितलं. पण खरं तर या यादीतलं काहीच 'राहून गेलेलं' नसतं. यादी वाढते, बदलते, उत्पादन जिवंत आहे तोवर संपत नाही आणि न संपण्यात कुणाचा दोषही नसतो. शब्दकोशात 'अनुशेष' मिळाला, पण त्यानं गाठ आणखी घट्ट होईल. उशीर, थकबाकी, नापास यातलं काहीच ज्याला चिकटलेलं नाही असा शब्द हवाय.

वैदर्भी
'अनुशेष' नकोच, पण माझं कारण वेगळं आहे. आमच्याकडे विदर्भात तो शब्द लहानपणापासून कानावर पडतो. 1983 साली राज्य सरकारनं वि. म. दांडेकरांची समिती नेमली (दांडेकर तुमच्या पुण्यातल्या गोखले संस्थेचे), 1984 मध्ये अहवाल आला, आणि सिंचन, रस्ते, शाळा, वीज अशा एकेका क्षेत्रात राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे ते त्यात मोजून मांडलं गेलं. तो फरक म्हणजे अनुशेष. तो शब्द म्हणजे येणं आहे, हक्काचं. सॉफ्टवेअरमध्ये बटणाचा रंग बदलायचा राहिला त्याला अनुशेष म्हणू नका, एवढीच विनंती.

थर्ड_इयर
इंजिनिअरिंगच्या पोरांना 'बॅकलॉग' म्हटलं की एकच आठवतं. "एम-थ्रीला बॅक लागला" (म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात नापास), "दोन बॅक काढायचेत". कॅम्पसमधून निवड होताना 'नो अॅक्टिव्ह बॅकलॉग' ही अट असते. तीच पोरं सहा महिन्यांनी हिंजवडीत 'बॅकलॉग'च्या मीटिंगला बसतात. तेव्हा इंग्रजीत शिकवल्यावर निभतं, हे मला तरी पटत नाही. फक्त तिथे कोणी फळ्यावर लिहून दाखवत नाही.

ओंडका
मुळात हा शब्द थकबाकीचा नाहीच. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'बॅकलॉग' म्हणजे शेकोटीच्या मागच्या बाजूला ठेवलेला मोठा ओंडका. पुढची लाकडं भराभर जळतात, हा मागे बसून धग धरून ठेवतो. त्यावरून 'पुढच्यासाठी राखून ठेवलेलं' असा अर्थ आला. 'तुंबलेलं काम' हा अर्थ बराच नंतरचा, विसाव्या शतकात रुळलेला. म्हणजे मुठाकाठ यांना जो अर्थ हवाय तो शब्दाच्या पोटातच आहे.

आणि आपल्याकडे त्याला तंतोतंत जागा आहे: वैल. चुलीच्या बाजूचं ते दुसरं तोंड, जिथे वेगळा जाळ नसतो, मुख्य चुलीच्या धगीवर आमटी हळूहळू शिजत राहते. बॅकलॉगमधली कामंही तशीच वैलावर ठेवलेली. वर येतील तसतशी शिजत जातात, आणि चुलीवर घ्यायची वेळ आली की तयार असतात.

बावधनची_बया
ओंडका, आमच्याकडे 'वाईल' म्हणतात. 'वैल' हे सासरी ऐकलं.

अनुवादिनी
वैल/वाईल फार सुंदर, पण भोसरीतल्या पंचविशीतल्या डिझायनरच्या घरी गॅस आहे, बहुधा आजीच्या घरीही. आधी वैल समजावायची आणि मग तिच्यावरून बॅकलॉग, म्हणजे दोनदा शिकवणं झालं.

माझा प्रस्ताव 'क्रमयादी'. कारण देते. स्क्रम गाइडमध्ये (स्क्रमचे नियम सांगणारी अधिकृत पुस्तिका) पूर्वी या यादीचं वर्णन 'प्राधान्य दिलेली' असं होतं, 2011 च्या आवृत्तीत ते बदलून 'क्रम लावलेली' असं केलं. हा फरक बारीक आहे पण खरा आहे. प्राधान्य म्हटलं की जो तो आपलं काम 'हाय' करून घेतो आणि वीस कामं पहिल्या नंबरावर बसतात. क्रम लावला की पहिल्या जागी एकच काम मावतं. 'क्रमयादी'त हे शिस्तीचं अंग आपोआप येतं, आणि तुंबल्याचा वासही येत नाही.

मुठाकाठ
क्रमयादी आवडला. बोलताना अडखळायला होत नाही हेही महत्त्वाचं. फक्त ती 'उत्पादनाची' यादी आहे, 'कामगारांची' नाही, हे त्यातून कळेल का? इथे प्रत्येकाची स्वतःची कामाची यादी आधीच असते.

सदाशिव_ते_सूस
मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. 'बॅकलॉग' ठेवा आणि अर्थ नीट शिकवा. टेबल, बस, पेन, डबा, दिनांक सगळे शेजारी शेजारी नांदतात. उद्या यातला एखादा मुलगा दुसरीकडे मुलाखतीला गेला आणि 'क्रमयादी' म्हणाला तर समोरच्याला काय कळणार? परिभाषा ही धंद्याची असते. मिलिंगला कोणी मराठी शब्द शोधत बसतं का?

अनुवादिनी
'दिनांक' हा सावरकरांनी रुळवलेला शब्द आहे, तो तुम्ही उसन्यांच्या रांगेत बसवलात. 'महापौर' त्यांचाच. ते शब्द आले तेव्हाही हीच हरकत घेणारे लोक होते. मिलिंगचं म्हणाल तर तिथे शब्द आणि मशीन एकदमच आलं, शब्दाला आधीचा दुसरा अर्थ नव्हता. इथे 'बॅकलॉग' आणि 'पेंडिंग' दोन्ही लोकांच्या डोक्यात आधीच बसलेत, चुकीच्या जागी. शिकवणाऱ्याची अडचण ती आहे.

सदाशिव_ते_सूस
म्हणूनच म्हणतो, शिकवा. वर्ग कशासाठी असतो?

जुना_परीक्षक
बॅकलॉगपेक्षा मला 'स्क्रम मास्टर' (चमूला ही पद्धत नीट वापरायला मदत करणारा) जास्त सतावतो. आपल्याकडे त्याचा लगेच 'मास्तर' होतो, आणि मास्तर म्हणजे हजेरी. सकाळी पंधरा मिनिटांचा डेली स्क्रम असतो. तो डेव्हलपरांनी आपापसात दिवसाची आखणी करण्यासाठी आहे. पण बहुतेक ठिकाणी मी पाहिलं ते असं: सगळे अर्धवर्तुळात उभे आणि प्रत्येक जण मास्तरांकडे बघून पाढा म्हणतोय, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. ते तीन प्रश्न 2020 च्या गाइडमधून काढूनच टाकले आहेत. तरी पुण्यात ते ऐकू येतात, कारण मास्तरांना उत्तरं द्यायची सवय आपल्याला पहिलीपासून आहे. शब्दामुळे भूमिका कशी वाकते याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

थर्ड_इयर
आणि 'स्क्रम' स्वतः? त्याला काय? शब्द रग्बीतला, आणि रग्बी इथे कोण खेळतं? मी तर खो-खो सुचवेन.

ओंडका
खो-खो नेमका उलटा पडेल. 1986 साली ताकेउची आणि नोनाका या दोघांनी जपानी-अमेरिकी कंपन्या नवी उत्पादनं कशी काढतात यावर लेख लिहिला, रग्बीची उपमा तिथली. त्यांचं म्हणणं असं की जुनी पद्धत रिले शर्यतीसारखी: एका विभागानं धावायचं आणि काठी पुढच्याच्या हातात द्यायची. त्याऐवजी अख्ख्या चमूनं चेंडू आपसात देत एकत्र पुढे सरकायचं. खो देणं हे काठी देणंच झालं, बाकीचे बसलेले असतात. श्वाबर आणि सदरलंड यांनी 1995 मध्ये स्क्रम जाहीरपणे मांडलं ते या रग्बीवरून. डिझाइननं टूलरूमला खो दिला आणि टूलरूमनं उत्पादनाला, हे भोसरीत आधीच चाललेलं असणार.

मुठाकाठ
अगदी हेच चाललंय. ड्रॉइंग 'रिलीज' झालं की डिझाइनवाल्यांची सुटका. हे उदाहरण उद्याच्या वर्गात घेतो.

बावधनची_बया
मास्तरला पर्याय म्हणून 'सेवक' कसा वाटतो? स्क्रम मास्टर सेवा करणारा नेता असतो ना?

जुना_परीक्षक
ताई, 2020 मध्ये 'सर्व्हंट लीडर' ही शब्दयोजनाही बदलली. आता 'चमूची आणि संस्थेची सेवा करणारे खरे नेते' अशा अर्थाचं वाक्य आहे. सेवा शेवटी आणि नेतृत्व आधी. लोक सेवक म्हणजे चहा-नाश्त्याची आणि मीटिंगरूमची सोय बघणारा असं धरून चालले होते, हे मी स्वतः बघितलंय.

वैदर्भी
मग 'कारभारी'?

अनुवादिनी
कारभारी कारभार चालवतो. स्क्रम मास्टरनं नेमकं तेच करायचं नसतं, चमूनं स्वतःचा कारभार स्वतः बघावा यासाठी तो असतो. पण थांबा. 'प्रॉडक्ट ओनर'ला, म्हणजे बॅकलॉगचा क्रम ठरवणाऱ्या व्यक्तीला, कारभारी बसेल! मुठाकाठ, तुमच्या कारखान्यात 'ओनर' म्हटल्यावर काय समजतात?

मुठाकाठ
मालक. म्हणजे खरोखरचे मालक, ज्यांच्या नावावर शेड आहे. 'या प्रॉडक्टचे ओनर कोण' असं विचारलं तर सगळ्यांनी केबिनकडे बोट दाखवलं. डिझाइन विभागाच्या ज्या बाईंना ती जबाबदारी दिली आहे त्या तिथेच बसल्या होत्या.

वैदर्भी
मग कारभारीणच म्हणा त्यांना. मालकाच्या वतीनं निर्णय घेणारी, हिशेब जाणणारी, आणि चारचौघांत जिचा शब्द चालतो ती.

सदाशिव_ते_सूस
कारभाऱ्याचा शब्द मालकाच्या मर्जीनं चालतो. गाइडप्रमाणे प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असते, समिती नाही, आणि तिचे निर्णय सगळ्या संस्थेनं मानायचे असतात. सगळ्या संस्थेत मालकही आले. त्यांनी केबिनमधून फोन करून दुसऱ्या क्रमांकाचं काम पहिलं केलं, तर तुमची कारभारीण 'नाही' म्हणू शकेल का?

अनुवादिनी
म्हणू शकली पाहिजे. काय करायला हवंय ते मालकांनी तिला पटवून द्यावं, क्रम तिनंच बदलावा. कारभारी हा शब्द मला त्याच्यासाठीच हवाय. पेशवाईत कारभाऱ्यांनी धन्यालाही गप्प केल्याची उदाहरणं आहेत.

सदाशिव_ते_सूस
त्यातल्या बऱ्याच उदाहरणांचा शेवट राज्याला महागात पडलेला आहे. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

बावधनची_बया
मला मात्र अजून कळलं नाही की मालक वर्गाला येणार आहेत का. ते नसतील तर बाईंना कोणताही शब्द द्या, दुपारी फोन येणारच.

मुठाकाठ
पहिल्या सत्राला येऊन गेले, नारळ फोडायला. शेवटच्या सत्राला पूर्ण वेळ बसा असं सांगितलंय. अजून हो म्हणालेले नाहीत.