घर आठवतं ते भलत्याच गाण्यांनी: पाच गाणी सुचवा

सांगलीकर_श्टुटगार्ट

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या इथल्या छोट्याशा मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे आणि 'घरापासून दूर' या विषयावर पाच गाणी बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (मीटिंगला उशिरा पोचलो, त्याचं फळ.) वीस-पंचवीस मिनिटं, दोन गायक, एक पेटी. तबलजीचं अजून नक्की नाही.

समितीने आधीच यादी पाठवली आहे: 'चिठ्ठी आई है', 'स्वदेस'मधलं 'ये जो देस है तेरा', 'घर आजा परदेसी', 'ऐ मेरे प्यारे वतन'. गाणी चांगलीच आहेत, वाद नाही. पण खरं सांगू का? नऊ वर्षं झाली मला इथे, आणि यातल्या एकाही गाण्याने मला घर आठवलेलं नाही.

आमच्या भागात केरवोखं नावाचा प्रकार असतो. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. आपली पाळी आली की दारावर पाटी लटकते. (शब्दातच 'केर' आहे, त्यामुळे आईला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.) फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी तिसऱ्या मजल्यापासून पुसत खाली येत होतो. तळमजल्यावरच्या ग्रीक आजी दार किलकिलं करून कोपरे तपासून गेल्या होत्या. कानात जुनी भावगीतं आपोआप एकामागून एक लागत होती, त्यात 'घाल घाल पिंगा वाऱ्या' आलं.

कृ. ब. निकुंबांची कविता, कालिंदी केसकरांचा आवाज. शाळेत असल्यापासून शंभरदा ऐकलेलं. सासरी असलेली मुलगी वाऱ्याला म्हणते, माहेरी जा आणि आईच्या कानात सांग की मी सुखात आहे. आणि तेवढं सांगून झालं की हळूहळू खरं बोलायला लागते. भावाची आठवण, कपिलेचं खोडकर वासरू, परसातला पारिजातक. मी बादली बाजूला सारून पायरीवरच बसलो. आदल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मीही आईला 'एकदम मस्त चाललंय' म्हणालो होतो. प्रत्यक्षात राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि कार्यालयाची तारीख काही मिळत नव्हती. ती मुलगी निदान वाऱ्याजवळ तरी बोलली.

तर अशी गाणी सुचवा, ज्यांच्यात परदेशाचा 'प'सुद्धा नाही, पण बाहेर राहिल्यावरच जी कळली. आणि समितीला कसं पटवू तेही सांगा.

शारजा_रिटर्न

सांगलीकर, तुमचं पिंगा वगैरे ठीक आहे, पण 'चिठ्ठी'ला हात लावू नका. तुम्ही चिठ्ठीच्या काळातले नाही, म्हणून तुम्हाला ते लागत नाही.

'नाम' आला १९८६ला. मी शारजाला गेलो ८८च्या पावसाळ्यात. एका खोलीत आठ जण, दुमजली खाटा. कोणीतरी व्हिडिओ कॅसेट आणली. पंकज उधास स्वतः पडद्यावर येऊन ते गाणं गातात, आठवतंय ना? गाणं संपलं तेव्हा दिवा लावायला कोणी उठेना. मग एक जण दात घासायला गेला, दुसरा पाणी प्यायला. एकमेकांची तोंडं कोणाला बघायची नव्हती. आनंद बक्षींनी त्यात आमचा हिशेबच मांडला होता: पैसा भरपूर केलास, पण त्या पैशानेच गाव सुटलं.

तेव्हा आम्ही पत्रासोबत कॅसेट भरून पाठवायचो. माझ्या मुलीने 'बाबा' म्हटलेलं मी पहिल्यांदा टेपवर ऐकलं. मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि बायको तिला हळूच सांगतेय, अजून एकदा म्हण. ती टेप इतकी वाजवली की शेवटी तिचा आवाज घोगरा झाला.

आणखी एक. आमच्या खोलीत मलप्पुरमचा एक जण होता, त्याच्याकडे एस. ए. जमील यांचं 'दुबई कत्तु पाट्टु' होतं. म्हणजे आखातातल्या नवऱ्याला बायकोने लिहिलेलं पत्रच, गाण्यात. तो एकेक ओळ मोडक्या हिंदीत सांगायचा. त्यातली बायको नुसती रडत नाही, जाब विचारते. रत्नागिरी-रायगडची एवढी माणसं आखातात गेली, पण आपल्याकडे घरोघरी पोचलेलं असं एक गाणं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

घाटावरची

मी मेणवलीजवळची, वाईची. 'स्वदेस'चं शूटिंग आमच्याकडे झालं. सुट्टीवर आलेली एनआरआय मंडळी अजूनही नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर येतात, फोनवर 'ये जो देस' लावतात, डोळे टिपतात, फोटो काढतात आणि पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला जातात. रेहमानच्या आवाजाबद्दल तक्रार नाही. सनई सुरू झाली की माझ्याही पोटात कालवतं, आणि मी तर गाव सोडलेलंच नाही.

दोन_घड्याळं

माझी दोन्ही मुलं बाहेर आहेत, एक डॅलसला, एक सिडनीला. आमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये डॅलसच्या वेळेचं वेगळं घड्याळ आहे. वर्षातून दोनदा हे स्टुलावर चढून ते तासभर पुढेमागे करतात.

'या चिमण्यांनो, परत फिरा रे' कोणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच सांगते: ते घेऊ नका. गदिमा, खळे आणि लताबाई, 'जिव्हाळा'तलं. दिवेलागणीला आई पोरांना हाक मारते एवढंच त्यात आहे. पण तुमच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले आईवडील बसलेले असतात. मागच्या वर्षी लेकाच्या गावी कोणीतरी ते गायलं. मी पर्समधला रुमाल शोधत राहिले, आणि आमचा लेक पार्किंगची वेळ बघायला म्हणून बाहेर गेला तो पाच गाणी आलाच नाही. घेणार असाल तर निदान शेवटी तरी घेऊ नका. जेवण जात नाही नंतर.

टीपकागद

किरकोळ मुद्दा. 'ऐ मेरे प्यारे वतन' दर १५ ऑगस्टला कर्ण्यावरून वाजतं, पण 'काबुलीवाला'त (१९६१) ते कलकत्त्यात राहणारे पठाण गातात. त्यातला वतन अफगाणिस्तान आहे, परके आपण आहोत. मन्ना डे काय दबक्या आवाजात गायलेत ते कोणी ऐकतच नाही, ऐकलं तर ते देशभक्तीचं आधी वाटणार नाही. समितीला हे सांगा आणि गाणं ठेवा.

'सागरा प्राण तळमळला' एकानेही काढलं नाही? ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९मध्ये सुचलेली कविता आहे. एवढी खऱ्याखुऱ्या परदेशातली कविता यादीत दुसरी नाही.

सांगलीकर_श्टुटगार्ट

सगळ्यांचे आभार. टीपकागद, 'सागरा'ची चाल हृदयनाथांची आहे आणि आमचे गायक हौशी आहेत, एवढंच बोलतो.

काका, 'चिठ्ठी' राहणार. तुमचा कॅसेटचा किस्सा निवेदनात वाचला तर चालेल का? नाव घालणार नाही. दोन_घड्याळं, तुमचं ऐकतो, 'चिमण्यांनो' बाद. त्याऐवजी राजा बढे-पुलं-ज्योत्स्नाबाईंचं 'माझिया माहेरा जा' घेतोय. तेही सासुरवाशिणीचंच. इथे आलेल्या आम्हा बाप्यांचीही गत तीच, हे निवेदनात सांगायचं धाडस अजून होत नाहीये.

आणि समिती नको म्हणतेय तरी एक जर्मन गाणं घुसवतोय: उडो युर्गेन्सचं 'ग्रीशिशर वाइन', १९७४चं. इथे कामाला आलेले ग्रीक मजूर संध्याकाळी गुत्त्यात बसून गावच्या गोष्टी काढतात, त्याबद्दलचं. जर्मनीने बाहेरून कामगार बोलावणं थांबवलं त्याच्या पुढच्याच वर्षी ते गाजलं. गाणारा मात्र ऑस्ट्रियाचा. तळमजल्यावरच्या आजी साठच्या दशकात कारखान्यात कामाला आल्या होत्या, म्हणून काल त्यांना विचारलं, हे गाणं ऐकून तुम्हाला घर आठवायचं का. म्हणाल्या, उडो दिसायला फार छान होता. आणि तुझा दुसऱ्या मजल्यावरचा कोपरा दर वेळी राहतो.

तबलजी अजून मिळालेला नाही. श्टुटगार्टच्या आसपास कोणी असेल तर निरोप टाका.