सायकलवरून माल पोहोचवण्यासाठी पिशवी शिवून घ्यायची आहे: माप, कापड आणि जोडणी कशी ठरवावी?

प्रश्न

मी सायकलवरून पार्सले आणि कधी कधी शिजवलेले अन्न पोहोचवतो. सध्या पाठीवर चौकोनी पिशवी घेतो; परंतु ओझे दहा किलोच्या पुढे गेले की खांदे भरून येतात आणि वळणावर तोल सावरावा लागतो. म्हणून मागच्या कॅरिअरवर घट्ट बसेल आणि जिना चढताना काढून नेता येईल, अशी पिशवी शिवून घेण्याचा विचार आहे. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ४० सेंटिमीटर धरली तर ६४ लिटर जागा मिळते. कापड १००० डेनिअरचे (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) नायलॉन घ्यावे की पीव्हीसीचा लेप असलेले ताडपत्रीसारखे, आणि पिशवी कॅरिअरला कशी जोडावी?

पहिले उत्तर

कापडाआधी तळाचा विचार करावा. कॅरिअर पिशवीपेक्षा बराच अरुंद असतो, त्यामुळे ४० सेंटिमीटर रुंदीची मऊ पिशवी दोन्ही बाजूंना लोंबते आणि प्रत्येक वळणावर डुलते. तळाशी प्लायवूडची किंवा जाड प्लॅस्टिकची फळी घालावी आणि ती चार ठिकाणी, शक्य तितक्या दूर दूर, बकलच्या पट्ट्यांनी कॅरिअरच्या दांड्यांना आवळावी. लवचीक दोरीवर भिस्त ठेवू नये, कारण ती ताणली जाते आणि माल हलू देते. कॅरिअरवर वजनाची मर्यादा कोरलेली असते, ती बहुधा २५ किलो किंवा त्याहून कमी असते, आणि पिशवीचे व फळीचे वजनही त्यातच मोजायचे असते. जड वस्तू मागच्या चाकाच्या आसाच्या मागे जाऊ देऊ नयेत. तसे झाले तर पुढचे चाक हलके पडते आणि चढावर हँडल भरकटते.

आता कापड. नायलॉन हलके आहे आणि घासणीला टिकते, मात्र त्याच्या आतल्या लेपामुळे पाणी अडले तरी सुईच्या छिद्रांतून ते आत येतेच. पीव्हीसीचे कापड जड असते, पण त्याचे सांधे गरम हवेने जोडता येतात. शिवायचेच असेल तर शिलाई तळाच्या कडेवर न ठेवता काही सेंटिमीटर वर घ्यावी आणि सांध्यांवर आतून पट्टी चिकटवावी. दोरा पॉलिएस्टरचा असावा, कारण उन्हात तो नायलॉनपेक्षा अधिक टिकतो. उचलण्याचे पट्टे केवळ बाजूच्या शिलाईत अडकवू नयेत. ते फळीखालून पूर्ण फिरवून घ्यावेत आणि जोडावर चौकोनात फुली अशी शिलाई मारावी, म्हणजे वजन कापडावर न येता पट्ट्यावर येते.

दुसरे उत्तर

वरील सल्ला पार्सलांसाठी योग्य आहे. अन्नाबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. पाठीवरच्या पिशवीचे धक्के शरीर शोषून घेते, कॅरिअरवर ते थेट मालाला बसतात, आणि रस्सा असलेला डबा अशा वेळी सांडतो. फळीवर बंद छिद्रांचा फोम अंथरावा, कारण तो पाणी शोषत नाही, आणि डबे हलू नयेत म्हणून आत काढता-घालता येणारे विभाजक ठेवावेत. बाजूंनाही फोम हवाच. नुसत्या चकचकीत अस्तराने उष्णता फारशी टिकत नाही, कारण ते प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, जाणारी उष्णता परावर्तित करते आणि त्यासाठी त्याच्यासमोर हवेची मोकळी पोकळी लागते. अस्तर वेगळे काढून धुता येणारे करावे. कागदपत्रे मात्र त्या वाफेत कधीही ठेवू नयेत.

तिसरे उत्तर

आधी याच मापाचे पुठ्ठ्याचे खोके कॅरिअरवर बांधून सायकल चालवून पाहावी. ४० सेंटिमीटर उंचीवरून पाय टाकून बसता येते का, हे कागदावर कळत नाही. पिशवीमुळे मागचा दिवा झाकला जाईल, त्यामुळे तिच्या मागील बाजूस दिवा अडकवण्याची पट्टी आणि परावर्तक फीत शिवून घ्यावी.

प्रश्नकर्ता

उत्तरांबद्दल आभार. उंची कमी करून ३० सेंटिमीटर ठेवेन. तरी ४८ लिटर मिळतात. झाकणाला चेन लावावी की वरची कड गुंडाळून बंद करावी?

पहिले उत्तर देणारे

दिवसभर उघडझाप होणार असेल तर चेनच्या दातांत धूळ अडकते, आणि गुंडाळायच्या झाकणाला दरवेळी दोन-तीन घड्या घालाव्या लागतात. सर्व बाजूंनी खाली उतरणारे, समोर एका बकलने बंद होणारे झाकण करून घ्यावे. मुसळधार पावसासाठी वेगळे आवरण जवळ ठेवावे.