जोर मोजता, पण उठता येतं का?

एका दमात किती जोर (पुश-अप) निघतात त्यावरून फिटनेस ठरवा, असं काही जण म्हणतात; ते पटतं, पण अर्धंच. जोरांत खांदे-दंड कळतात; कंबर-गुडघ्यांचं काय? ब्राझीलमधल्या डॉक्टरांची एक साधी चाचणी आहे. अनवाणी उभं राहून जमिनीवर बसायचं आणि परत उठायचं. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी १ वजा, तोल गेला तर अर्धा.

आमच्या जळगावकडे भरीत पार्टीत ही परीक्षा आपोआप होते. गेल्या हिवाळ्यात शेतात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी-भरीत चापून उठताना माझा डावा हात जमिनीवर, उजवा शेजारच्या मामांच्या खांद्यावर. मामा सत्तरीचे, हातात पाण्याचा तांब्या घेऊन सरळ उठले. जोर मात्र मी अजून २५ मारतो, बरं का!