छोटा ग्रामीण चित्रपट महोत्सव भरवायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

बांधावरची_खुर्ची
नमस्कार मंडळी. आम्ही पाच-सहा जण मिळून गावच्या जगण्यावरच्या चित्रपटांचा छोटा महोत्सव भरवायचं म्हणतोय. दोन दिवस, एकच पडदा, प्रेक्षक दीडशेच्या आतबाहेर, त्यातले बहुतेक शेतात राबणारे. आमच्यातलं कुणीही या धंद्यातलं नाही. प्रायोजक नाहीत, शोधायचेही नाहीत. पैसे आहेत ते प्रोजेक्टर-स्पीकरचं भाडं आणि चित्रपटवाल्यांना थोडंफार मानधन एवढ्यापुरतेच. काहीही विकत घ्यायचं नाहीये.

विचारायचं ते असं: चित्रपट जाहीर आवाहन करून मागवावेत की आपणच हेरून बोलवावेत? उघड्यावर दाखवावेत की छपराखाली? स्पर्धा ठेवावी का? फाइल कुठल्या स्वरूपात मागवायची?

मधली_रांग
चांगला विषय. रुमाल टाकून ठेवतो, सवडीने लिहीन.

लुमेनबहाद्दर
सगळ्यात आधी प्रोजेक्टर घ्या. भाड्याच्या यंत्राचा दिवा किती तास जळलाय ते कुणी सांगत नाही, आणि जुना झालेला दिवा कागदावरच्या आकड्याच्या जवळपासही प्रकाश देत नाही. मी लेझरवाला घेतला. वीस हजार तासांचं आयुष्य. गच्चीवर लावा, हॉलमध्ये लावा, लख्ख!

बांधावरची_खुर्ची
विकत घ्यायचं नाहीये हो.

लुमेनबहाद्दर
चार वर्षांच्या भाड्याची बेरीज करून बघा, मग बोलू.

शेवटची_रांग
मी एका लहान महोत्सवाच्या निवड समितीवर असतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

जाहीर आवाहन म्हणजे आजकाल फिल्मफ्रीवे, महोत्सवांना चित्रपट पाठवायचं संकेतस्थळ. पूर्वी विदाउटअबॉक्स होतं, ते २०१९मध्ये बंद झालं. पान फुकट उघडता येतं; प्रवेशशुल्क ठेवलंत तर त्यातला वाटा ते कापून घेतात. आता पुढची गंमत. विषय कितीही ठळक लिहा, शहरातल्या फ्लॅटमधली भांडणं, भुताटकी, झाँबी, सगळं येऊन पडतं, कारण बटण दाबलं की अर्ज जातो आणि नियम वाचायला सवड कुणाला असते? शुल्क नसेल तर पूर येतो. शुल्क ठेवलं तर पूर ओसरतो, पण खिसा रिकामा असलेला गावातला पोरगाही त्यात गळतो. त्याच्यासाठी शुल्कमाफीचा कोड देता येतो, तो सढळ हाताने द्या.

मग पाहण्याचं काम. दोनशे लघुपट आले, सरासरी पंधरा मिनिटांचे धरले, तर पन्नास तास. प्रत्येक चित्रपट निदान दोघांनी पाहायचा म्हटलं की शंभर माणसी-तास. त्यातून बरेचसे अर्ज मुदतीच्या शेवटच्या दोन-चार दिवसांत येतात. मुदत आणि कार्यक्रम जाहीर करायची तारीख यांत दोन महिने ठेवा.

अर्जात पूर्ण झाल्याचं वर्ष, लांबी, भाषा आणि संगीतासकट सगळे हक्क आपल्याकडे असल्याचं हमीपत्र एवढं मागा. 'आमच्याकडेच प्रथम प्रदर्शन' अशी अट घालू नका. ते कान-बर्लिनसारख्या बड्या महोत्सवांना शोभतं.

पटांगणप्रेमी
छपराखाली ग्रामीण महोत्सव? मग मॉलमध्येच करा ना. मोकळं आभाळ, सतरंज्या, मधून पळणारी कुत्री, हीच तर मजा. हवेने फुगणारा पडदा भाड्याने मिळतो, तासाभरात उभा राहतो. फक्त अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. पौर्णिमेला पडदा धुतल्यासारखा दिसतो.

मधली_रांग
चांदण्याला उगाच बदनाम करू नका. पूर्ण चंद्राचा उजेड जेमतेम पाव लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). रस्त्यावरच्या दिव्याखाली दहाच्या पुढे मोजाल. पटांगणाच्या कडेचा एक दिवा बंद करून घेतलात तर पंचांग बघायची गरज नाही.

पटांगणप्रेमी
मोजायला लक्समीटर कोण घेऊन बसतं? डोळ्यांना दिसतं ते खरं. आम्ही पौर्णिमेला केलं होतं, काळा रंग काळा दिसलाच नाही.

मधली_रांग
मागे दिवे कुठे होते ते आठवून बघा.

आणि प्रोजेक्टरचा हिशोब सोपा आहे, कुणाच्या गच्चीचे दाखले नकोत. थिएटरात पडद्यावर ४८ निट (पडद्याच्या तेजाचं एकक) उजेड असावा असं डिजिटल सिनेमाचं मानक सांगतं. साधा पांढरा पडदा असेल तर पडद्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, ४८ने गुणा, वर पाय म्हणजे ३.१४ने गुणा. चार मीटर रुंदीचा पडदा सुमारे नऊ चौरस मीटर, म्हणजे प्रोजेक्टरने साडेतेराशे लुमेन इतका प्रकाश टाकायला हवा. सहा मीटरचा वीस चौरस मीटर, म्हणजे तीन हजार. दिवा जुना असणार हे गृहीत धरून दुप्पट लुमेनचा भाड्याने मागा. दहा हजार लुमेनचं यंत्र गळ्यात मारायला बघतील, घेऊ नका.

लुमेनबहाद्दर
कागदावर सगळंच सोपं असतं.

कलम_उपकलम
दिव्याचं नंतर बघा. सगळ्यात महत्त्वाचं कुणीच बोललं नाही: परवानगी. डीव्हीडी विकत घेतली किंवा ओटीटीचं वर्गणीदार झालं म्हणून चार लोकांसमोर जाहीर दाखवायचा हक्क मिळत नाही. तिकीट नसलं तरी नाही. हक्क ज्याच्याकडे आहेत, म्हणजे कधी दिग्दर्शक, कधी निर्माता, कधी वितरक, त्याच्याकडून लेखी घ्या. चित्रपटाचं नाव, तारीख, जागा, किती खेळ, मानधन किती, एवढं एका पानावर मावतं. दिग्दर्शक तोंडी 'दाखवा की' म्हणाला आणि हक्क वितरकाकडे निघाले, असं नेहमी होतं. सार्वजनिक कार्यक्रमाची स्थानिक परवानगी वेगळी, ती तुमच्या हद्दीत कोण देतं ते आधी विचारून या.

पटांगणप्रेमी
पूर्वी लोक नुसतं दाखवायचे, कुणी विचारत नव्हतं.

कलम_उपकलम
पूर्वी कुणी मोबाईलवर चित्रीकरण करून जगाला दाखवतही नव्हतं.

काळी_फ्रेम
फाइलबद्दल अनुभवाचे बोल. आमच्याकडे उद्घाटनाचा चित्रपट डीसीपीवर, म्हणजे थिएटरसाठीच्या डिजिटल प्रतीवर आला. डिस्क लॅपटॉपला जोडली तर ती दिसेचना. या डिस्क बहुधा लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात. कुणाचा तरी भाचा धावत आला, डिस्क उघडली, तर आत चित्रपट कुलूपबंद! अशा डीसीपीला केडीएम नावाची किल्ली लागते, आणि ती ठरावीक यंत्राच्या नावाने, ठरावीक तारखांपुरतीच काढलेली असते. पाठवणाऱ्याने यातलं अवाक्षर कळवलं नव्हतं. लोक बसून राहिले, शेवटी मुलांनी गाणी म्हटली.

तुम्ही सरळ एमपी४ मागा. व्हिडिओ एच.२६४ पद्धतीचा, चित्र १९२० बाय १०८०. आणि आवाज स्टिरिओच हवा असं बजावून सांगा. ५.१ची, म्हणजे सहा चॅनेलच्या आवाजाची फाइल दोन स्पीकरवर नीट न मिसळता वाजवली की पार्श्वसंगीत ऐकू येतं आणि संवाद गायब, कारण संवाद मधल्या चॅनेलमध्ये असतात.

सूचीकार
एमपी४ मागा, हेच सांगायला आलो होतो. आणि आवाज स्टिरिओ ठेवा.

काळी_फ्रेम
तेच लिहिलंय वर.

सूचीकार
हो, दुजोरा दिला. एक भर घालतो: प्रत्येक फाइल त्याच यंत्रावर पहिल्या मिनिटापासून शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत चालवून बघा. पहिली पाच मिनिटं बघून टिकमार्क करू नका, अर्धवट उतरलेली फाइल बरोब्बर शेवटाकडे थांबते. दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर.

कोरडी_विहीर
तंत्राचं खूप झालं. दाखवणार काय? मी असे महोत्सव पाहतो आणि दर वेळी वैतागून येतो. भेगाळलेली जमीन, म्हातारा, बासरी, ड्रोनवरून हिरवी शेतं, शेवटी रिकामी खाट. बनवणारा चार दिवस राहून गेलेला. पेरणी दाखवतो आणि मागे कापणीला आलेलं पीक उभं. गावात कुणी हसत नाही, कर्जावरून घासाघीस करत नाही, भावकीचं भांडण नाही. निवड समितीत निदान दोन शेतकरी बसवा. चित्रपट कळणारे नकोत, शेती कळणारे हवेत.

तिपाई
म्हणजे आम्ही चित्रपट शेतकऱ्यांकडे परीक्षा द्यायला काढायचे? मी स्वतः गावात वाढलोय, माझ्याही चित्रपटात म्हातारा आहे आणि बासरी आहे. असतात ते.

कोरडी_विहीर
प्रत्येक गावात बासरी?

तिपाई
मागचा पिकाचा मुद्दा मान्य. पण गावाने पसंत केलेलंच दाखवायचं ठरवलं तर जातीबद्दल, जमिनीच्या वाटणीबद्दल, बायकांच्या मजुरीबद्दल टोचणारं काही कधीच निवडलं जाणार नाही. समितीत शेतकरी घ्या, जरूर घ्या, पण त्यात मजुरी करणारी बाईही हवी. नुसते बागायतदार नकोत.

शेवटची_रांग
तिपाई यांच्याशी सहमत. आमच्या समितीत आल्या त्या बाईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं, 'यात स्वयंपाक कुणी केला ते कुठे दाखवलंय?' त्यानंतर यादी बदलली.

ओळीखालची_ओळ
भाषेचं विसरलात. ग्रामीण चित्रपट बहुतेक बोलीभाषेत असतात, म्हणजे सबटायटल आली. सबटायटलची वेगळी एसआरटी फाइल मागितलीत तर ती युटीएफ-८ या अक्षरसंकेतात असू द्या, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. खात्री नसेल तर चित्रातच कोरलेली सबटायटल मागा. आणि प्रेक्षकांत वाचता न येणारे, चष्मा घरी विसरलेले असतातच. अशा वेळी एक चांगला आवाज माइकवर बसवून ओळी वाचून दाखवता येतात. आधी एकदा तालीम करा, म्हणजे संवादाच्या मागे फरफट होत नाही. मूळ आवाज थोडा खाली घ्या, पूर्ण बंद करू नका.

पटांगणप्रेमी
उघड्यावर करणार असाल तर माइकचा फार फायदा होतो.

वारा_पडला
उघड्यावर करणार असाल तर आधी वारा बघा. आमचा वीस चौरस मीटरचा पडदा. ताशी छत्तीस किलोमीटरचा वारा समोरून आला की अशा पडद्यावर सव्वाशे-दीडशे किलोचा दाब येतो. दोर बांधणाऱ्या ठेकेदाराने खुंट्या नुकत्याच नांगरलेल्या मातीत ठोकल्या होत्या. पुढचं सांगायला नको. फुगणाऱ्या पडद्याचा पंखा तर सतत चालू लागतो, वीज गेली की पडदा हळूहळू लोकांना नमस्कार करतो. शिवाय दव पडून लेन्स धुरकटते आणि किडे प्रकाशाच्या झोतात येतात.

आवाजाचंही आहे. मागची रांग तीस मीटरवर असेल तर तिथे आवाज सुमारे नव्वद मिलिसेकंद उशिरा पोचतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. मध्ये स्पीकर लावलात तर पुढचा आवाज तिथपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा विलंब त्याला द्यावा लागतो, नाहीतर पुढचा-मागचा आवाज आदळतो.

पटांगणप्रेमी
चार-दोन खुंट्या उखडल्या म्हणून आभाळ सोडायचं?

मधली_रांग
स्पर्धेचा प्रश्न राहिलाच. बक्षीस ठेवलं की परीक्षक, मग परीक्षकांचे भाचे, मग रुसवेफुगवे. लोकांच्या मतांवरच द्यायचं असेल तर एक ते पाच अंकांची चिठ्ठी द्या आणि सरासरी काढा. एकूण मतं मोजलीत तर रात्री भरगच्च गर्दीत लागलेला चित्रपटच जिंकतो.

लुमेनबहाद्दर
बक्षीस ठेवाच. चित्रपटवाले त्याशिवाय येत नाहीत.

तिपाई
येतात. प्रवासखर्च दिला आणि नंतर प्रेक्षकांशी अर्धा तास बोलायला मिळालं तर नक्की येतात. बक्षिसांची प्रमाणपत्रं घरात पुष्कळ आहेत.

बांधावरची_खुर्ची
सगळ्यांचे आभार. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आम्ही बसून ठरवलं ते सांगतो.

जाहीर आवाहन करत नाही. शंभर माणसी-तास आमच्याकडे नाहीत. बारा चित्रपट आम्हीच हेरून बोलवणार, त्यातले चार लोकांना खुदकन हसवणारे असलेच पाहिजेत असं ठरलंय. निवड करणाऱ्यांत दोन मजुरी करणाऱ्या बाया आणि एक मेंढपाळ आहे. स्पर्धा नाही. लघुपट असो की मोठा, मानधन सगळ्यांना सारखं, आणि कागद कलम_उपकलम यांनी सांगितला तसा.

आणि उघड्यावर नाही. गोदामात, दुपारी. सुगी संपल्यावर ते रिकामं असतं आणि त्याला खिडक्या नाहीत. संध्याकाळी धारा काढायच्या असतात, रात्री माणसं थकून झोपतात. दुपारी मात्र कामं कमी असलेल्या दिवसांत सगळे मोकळे असतात, बायकाही. आमच्याकडच्या लोकांना विचारलं तेव्हा हेच उत्तर आलं.

पटांगणप्रेमी
दुपारी?! चित्रपट दुपारी? मग इथे विचारलंत कशाला?

शेवटची_रांग
दोन दिवसांत बारा, तेही फक्त दुपारी? दीड-दीड तासाचे दोन गट रोज, मध्ये वीस मिनिटं सुट्टी आणि प्रत्येक गटानंतर गप्पा, एवढंच बसेल. म्हणजे सरासरी लांबी अर्ध्या तासाच्या पुढे नको. एखादा दीर्घपट घेणार असाल तर बारावरून आठवर या.

बांधावरची_खुर्ची
एक दीर्घपट नक्की आहे. मग आठ-नऊच.

लुमेनबहाद्दर
दिवसा दाराच्या फटीतून उजेड येणार. जास्त लुमेनचं यंत्र लागेल बघा.

ओळीखालची_ओळ
फटीला काळं कापड लावलं की झालं. माझी चिंता आवाजाची आहे. रिकाम्या गोदामात पत्रा आणि सिमेंट, शब्द घुमून चिखल होतो आणि माइकवर वाचणाऱ्याचं तर काहीच कळणार नाही. भरलेली पोती असतील तर मागच्या भिंतीला रचा, बाजूच्या भिंतींवर गोधड्या, सतरंज्या टांगा. स्पीकर फार मोठे नकोत, लहान चार असले तर लोकांच्या जवळ ठेवता येतात. माणसं भरल्यावर आवाज बराच सुधारतो, त्यामुळे रिकाम्या गोदामातल्या चाचणीवरून घाबरू नका.

कलम_उपकलम
दारं किती आहेत? दीडशे माणसं अंधारात आणि बाहेर पडायला एकच दार, हे चालणार नाही. दुसरं दार उघडं राहील असं बघा, त्याच्यासमोर पोती रचू नका, आणि वायरी वाटेतून न नेता भिंतीच्या कडेने न्या. आग विझवायचं साधन प्रोजेक्टरपाशी.

बांधावरची_खुर्ची
मागे एक दार आहे, पण कित्येक वर्षं कुणी उघडलेलं नाही. उद्या तेल घालून बघतो.