मांस काढल्यानंतरचा पांढरा डाग

ताई, निपाणीच्या शिवारात तंबाखूच्या कामात उन्हातान्हात वावरलेल्या तुमच्या वडिलांच्या डोळ्यावरचं मांस, म्हणजे टेरिजियम, काढलं. आता तिथे पांढरा, रक्तवाहिन्या नसलेला डाग आहे आणि दुखतं, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या प्रश्नाखाली कुणी "भरून येईल, थेंब चालू ठेवा" म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. हे स्क्लेरा, म्हणजे डोळ्याचं पांढरं कवच, विरघळण्याचं लक्षण असू शकतं. मांस पुन्हा वाढू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावलं असेल, तर हा त्रास काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही होतो. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्याच.

आधी जंतुसंसर्ग नाही ना हे पाहतात, संधिवाताच्या तपासण्याही करतात. स्टिरॉइडचे थेंब मनाने चालूही ठेवू नका, बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. कवच थोडंच झिजलं असेल तर शेजारचा रक्तपुरवठा असलेला पापुद्रा सरकवून झाकतात. फार पातळ झालं असेल तर नेत्रदानातून मिळालेल्या स्क्लेराचं ठिगळ शिवतात. त्यावरही जिवंत पापुद्रा हवाच, नाहीतर रक्ताविना ठिगळसुद्धा विरघळतं. नुसता गर्भवेष्टनाचा, म्हणजे गर्भाभोवतीच्या पिशवीचा, पातळ पडदा लावणं अशा वेळी बहुधा पुरेसं नसतं.

डाग निळसर-काळा दिसू लागला, दुखणं वाढलं किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी बेळगाव, मिरज किंवा हुबळीला कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, तज्ज्ञाकडे न्या. डोळा चोळू देऊ नका, ताई. अन् बाबांना एकटं पाठवू नका.